इंद्रायणीने जायचं, इंद्रायणीनेच यायचं : क्लब नाइटच्या प्रवासाची माझी पद्धत

बाबा सवाई गंधर्व महोत्सवाला निघायचे तेव्हा तयारी आदल्या दिवसापासून चालायची. घोंगडी, थर्मास, मफलर, शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा, आणि सकाळच्या पहिल्या पीएमटीची वेळ एका चिठ्ठीवर लिहून शर्टाच्या वरच्या खिशात. रमणबागेत तेव्हा शेवटचं सत्र रात्रभर चालायचं. पहाटेचे राग पहाटेच ऐकायला मिळायचे. "भैरवीच्या आधी उठायचं असेल तर जाऊच नये," असं ते म्हणायचे. पुढे ध्वनिप्रदूषणाचे नियम आले, रात्री दहानंतर उघड्यावरचे लाउडस्पीकर बंद झाले आणि बाबांच्या त्या रात्री संपल्या.

मी टेक्नो ऐकते, म्हणजे यंत्रांवर वाजवलेलं, सलग ठेक्याचं नाचायचं संगीत. बाबांना त्यात गाणं सापडत नाही, पण त्यांची एक सवय मी गेली अकरा वर्षं पाळते आहे. परतीची वेळ आधी लिहून खिशात ठेवायची आणि मग शेवटपर्यंत थांबायचं. कंपनीतल्या ट्रेनी मुली मला विचारतात, ताई, तुम्ही एकट्या कशा जाता, कुठे थांबता, रात्री परत कशा येता? त्यांच्यासाठी आणि त्यांच्यासारख्या सगळ्यांसाठी हे सविस्तर लिहिते आहे.

आधी माझी परिस्थिती सांगते, म्हणजे यातलं तुम्हाला काय लागू पडतं ते बघता येईल. मी भोसरी एमआयडीसीत एका प्रेस शॉपमध्ये क्वालिटीला आहे. गाड्यांचे पार्ट बनतात. घर कासारवाडीला. शनिवारी फर्स्ट शिफ्ट, रविवारी सुट्टी. दारू पीत नाही, बहुतेक वेळा एकटीच जाते, स्वतःची गाडी नाही. महिन्याच्या पगारातून मी या कामासाठी ठरावीक रक्कम बाजूला काढते आणि तेवढ्यातच भागवते. त्यामुळे दीड-दोन महिन्यांतून एक रात्र पदरात पडते. म्हणून ती निवडताना मी घाई करत नाही.

रात्र निवडताना

पोस्टरवर सगळ्यात मोठ्या अक्षरात कोणाचं नाव आहे हे मी शेवटी बघते. पहिल्यांदा बघते ते कोण किती वेळ वाजवणार. चार तासांत सहा नावं असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला चाळीस मिनिटं येतात. त्यात कोणी काही उभं करू शकत नाही. आलापाला वेळच न देता थेट शेवटच्या द्रुत भागावर जायचं, तसं ते होतं. दोन नावं असतील, पहिला दोन तास आणि दुसरा अडीच तास वाजवणार असेल, तर ती रात्र जाण्याजोगी. एकच जण अख्खी रात्र वाजवणार असेल तर मी सुट्टी टाकून जाते.

दुसरी गोष्ट, सुरुवात कोण करतंय? हॉल रिकामा असताना, लोक अजून कोट-पिशव्या ठेवत असताना जो वाजवतो त्याचं काम सगळ्यात अवघड. त्याला मिनिटाला एकशेवीस ठोक्यांच्या आसपास राहून लोकांना हळूहळू आत ओढायचं असतं आणि पुढच्यासाठी जागा सोडायची असते. मुंबई-दिल्ली-बंगळूरची आपली मुलं हे काम फार सुंदर करतात. बाहेरून आलेल्या पाहुण्यासाठी तिकीट काढलेलं असतं, आणि घरी येताना ओपनिंग करणाऱ्याचं नाव डोक्यात घोळत असतं, असं माझं कितीदा तरी झालं आहे.

माहिती काढायला रेसिडेंट ॲडव्हायझर आहे. 2001 साली सिडनीत सुरू झालेली ही साइट आता भारतातल्या शहरांचीही यादी ठेवते. पण मला जास्त उपयोग होतो तो लेबलांचा, म्हणजे रेकॉर्ड काढणाऱ्या कंपन्यांचा. दिल्लीच्या किल्ला रेकॉर्ड्ससारखं एक लेबल धरा, बँडकॅम्प या संगीत विकणाऱ्या साइटवर त्यांचं सगळं ऐका, त्यातल्या कलाकारांना इन्स्टाग्रामवर फॉलो करा. ते कुठे वाजवतात ते बघत गेलात की सहा महिन्यांत तुमचा तुम्हाला नकाशा तयार होतो. निघायच्या आठवड्यात त्या कलाकाराचा एक तरी लांब मिक्स, म्हणजे सलग जोडून वाजवलेले ट्रॅक, ऐकून ठेवावा. गर्दीच्या वाहत्या नाचात मग ओळखीचं वळण आलं की अंगावर काटा येतो.

परतीचं तिकीट आधी

पुण्याहून मुंबईला जाणाऱ्या सगळ्या गाड्यांत आमच्यासारख्यांसाठी इंद्रायणी एक्सप्रेस जणू मुद्दाम ठेवली आहे. संध्याकाळी साडेसहाच्या सुमाराला पुण्याहून निघते, दहाच्या सुमाराला सीएसएमटीला पोचते. आणि पहाटे पाच-चाळीसला तीच इंद्रायणी सीएसएमटीहून पुण्याला निघते, नऊच्या सुमाराला पुण्यात. फर्स्ट शिफ्ट साडेतीनला सुटते, घरी येऊन अंघोळ, तासभर झोप, शिवाजीनगरला गाडी. वेळापत्रक अधूनमधून बदलतं, तेव्हा काढायच्या आधी एकदा बघून घ्या.

जातानाचं आणि येतानाचं, दोन्ही सेकंड सीटिंगची रिझर्व्हेशन एकदमच काढा. एका वेळचं शंभर-सव्वाशेच्या आसपास पडतं. आता साठ दिवस आधी बुकिंग उघडतं. रात्र जाहीर झाल्याबरोबर क्लबच्या तिकिटाआधी मी रेल्वेचं काढते. क्लबचं तिकीट दारावरही मिळू शकतं, रविवार पहाटेची खिडकीची जागा नाही मिळत.

हे मी चुकून शिकले. तिसऱ्या की चौथ्या खेपेला मी परतीसाठी रात्री अडीचची एक खासगी बस घेतली होती, सायनहून. संध्याकाळपासून मनात तीच बस. एक वाजता, नेमकं सगळं रंगात आलं असताना मी हॉलमधून बाहेर पडले, टॅक्सीने सायनला गेले, पुलाखाली उभी राहिले. बस आलीच नाही. फोन कोणी उचलला नाही. पावणेचारपर्यंत मी तिथे एका पानवाल्याच्या उजेडात उभी होते. तो भला माणूस, दुकान बंद करायची वेळ झाली तरी माझ्यासाठी थांबला. भीती वाटली ती वाटलीच, पण त्याहून जास्त लागलं ते हे की शेवटचा अर्धा तास मी गमावला होता. दुसऱ्या दिवशी लोक त्याच अर्ध्या तासाबद्दल बोलत होते.

तेव्हापासून नियम केला. परतीचं साधन क्लब बंद झाल्यानंतरचंच असलं पाहिजे, आणि ते जिथून निघतं तिथे बसायला, उजेडात, माणसांत जागा असली पाहिजे.

ज्यांना ट्रेन जमत नाही त्यांना दादरहून शिवनेरी आहे. 17 मार्च 2023 पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे आणि ते शिवनेरीलाही चालतं. आधार कार्ड जवळ ठेवा.

पिशवीत काय

एक छोटी, अंगावर आडवी घालायची पिशवी. त्यात मूळ ओळखपत्र (दारावर बऱ्याचदा फोनमधला फोटो चालत नाही, आणि महाराष्ट्रात बियरसारख्या सौम्य दारूला एकवीस, कडक दारूला पंचवीस वर्षं असा कायदा असल्याने वय बघतातच), तिकिटाचा स्क्रीनशॉट, पॉवर बँक, पाचशेच्या दोन नोटा आणि थोडे सुटे, ओआरएसचं एक पाकीट, इअरप्लग, एक जादा मोज्यांची जोडी, आणि पातळ ओढणी. ओढणी पहाटेच्या वाऱ्यात डोक्याला बांधायला. मोजे का, ते घाटात कळेल.

बूट जुने, रुळलेले. काँक्रीटच्या जमिनीवर चार तास उभं राहणं काय असतं ते शॉप फ्लोअरवाल्यांना सांगायला नको. नवे बूट घालून आलेल्या मुली बारा वाजता भिंतीला टेकलेल्या दिसतात.

जेवण गाडीतच. आईच्या हातच्या दशम्या, शेंगदाण्याची चटणी, एक केळं. पोट भरलेलं पण जड नाही, असं हवं. एकादशी असली तर राजगिऱ्याचे लाडू. आई हे सगळं बांधून देते आणि विचारते, "यात्रेला निघाल्यासारखी काय निघतेस गं?" मी म्हणते, यात्राच आहे.

दारावर आणि आत

लोअर परळला मिल कंपाउंडमध्ये शिरताना मी दोन मिनिटं थांबते. माझ्या आईचे वडील याच भागात एका गिरणीत साचे, म्हणजे माग, चालवायचे. 18 जानेवारी 1982ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला आणि त्यांच्या घरची चूल पुन्हा मुंबईत नीट पेटली नाही. ते पुण्याला आले. त्याच 1982 साली, त्याच शहरात, हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदांत वाजवणारे चरणजित सिंग टीबी-303, टीआर-808 आणि ज्युपिटर-8 ही रोलँड कंपनीची इलेक्ट्रॉनिक वाद्ययंत्रं घेऊन डिस्कोच्या ठेक्यावर दहा राग रेकॉर्ड करत होते. याच टीबी-303च्या आवाजावर उभं राहिलेलं शिकागोचं ॲसिड हाउस हे नाचाचं संगीत लोकांपर्यंत पोचलं ते 1987 साली. म्हणजे पाच वर्षं आधी मुंबईत तो आवाज निघाला होता आणि कोणाच्या ध्यानीमनी नव्हतं. 2010मध्ये ती रेकॉर्ड पुन्हा निघाली तेव्हा जग चकित झालं. आजोबांच्या गिरणीतले साचे थांबले त्या वर्षी हे यंत्र या शहरात सुरू झालं होतं, हे मला कळलं तेव्हापासून त्या दगडी भिंतींजवळून मी मान खाली घालून जाऊ शकत नाही. याच मथुरादास मिल कंपाउंडमध्ये ब्लू फ्रॉग हा क्लब होता, 2007 ते 2016. आता अँटीसोशल आहे. टेक्नोही तर डेट्रॉइटच्या परिसरातून, गाड्यांच्या कारखान्यांच्या गावातून आलं. हुआन ॲटकिन्स, डेरिक मे, केव्हिन सॉंडरसन ही मुलं तिथली. आमच्या प्रेसला मिनिटाला चाळीस स्ट्रोक पडतात. तो ठेका दिवसभर अंगात घेऊन मी जाते, म्हणून मला हे संगीत परकं कधी वाटलंच नाही.

तर, दार उघडल्यापासून अर्ध्या तासाच्या आत पोचा. मुंबईत परवान्याची ठिकाणं दीडला बंद होतात, म्हणून इथे रात्र लवकर सुरू होते. साडेअकराला येणारे दोन तास ऐकतात, साडेनवाला येणारे चार. इंद्रायणी पकडलीत तर दादरला उतरा, सव्वादहापर्यंत आत असाल.

दारावर नम्रपणे, नजरेला नजर देऊन बोला. एकट्या बाईला कधीकधी "कोणासोबत आलात?" असं विचारतात. मी सांगते, "ऐकायला आले आहे, अमक्याचा सेट आहे ना." नाव घेतलं की बहुतेक वेळा चेहरा बदलतो.

आत गेल्यावर पहिलं काम म्हणजे उभं राहायची जागा शोधणं. स्पीकरच्या दोन भिंती आणि तुम्ही, असा सारख्या बाजूंचा त्रिकोण मनात आखा. त्याच्या टोकावर उभं राहिलं की हाय-हॅट, म्हणजे झांजेचा बारीक आवाज, डावी-उजवीकडे स्पष्ट ऐकू येतो आणि किक, म्हणजे मोठ्या ढोलाचा ठोका, छातीत बसते. कोपऱ्यात आणि भिंतीजवळ बेस गोळा होतो, आवाज गढूळ होतो. डीजेच्या अगदी समोर गर्दी असते, पण तिथे आवाज चांगला असतोच असं नाही. साउंड इंजिनिअरचं टेबल हॉलमध्ये असेल तर त्याच्या पुढ्यात उभं राहा. तो जिथे बसून आवाज जुळवतो तिथे तो जुळलेलाच असतो.

आता कान. यावर मी मुद्दाम जास्त लिहिते, कारण आमच्या शॉपमध्ये पन्नाशीतल्या काकांना घरातला कुकर ऐकू येत नाही हे मी बघते. अमेरिकेतल्या नायॉश या, कामगारांच्या आरोग्यावर काम करणाऱ्या संस्थेचा हिशोब आम्हाला ट्रेनिंगमध्ये शिकवला. आवाज 85 डेसिबल असेल तर कानाला आठ तास चालतो. मग दर तीन डेसिबलला वेळ निम्मा. 88ला चार तास, 91ला दोन, 94ला एक, 97ला अर्धा तास आणि 100 डेसिबलला फक्त पंधरा मिनिटं. क्लबमध्ये शंभर सहज होतं. तुम्ही चार तास उभे राहणार. हिशोब तुम्हीच करा.

फोमचे पिवळे प्लग कारखान्यासाठी ठीक. क्लबमध्ये ते वरचे सूर खातात आणि सगळं गोधडीखालून ऐकल्यासारखं होतं. संगीतासाठीचे फिल्टरवाले प्लग घ्या. सिलिकॉनचे असतात, मध्ये बारीक नळी. ते सगळ्या सुरांना जवळपास सारखंच खाली आणतात. एकदा घेतले की वर्षानुवर्षं चालतात. घालायची रीत अशी: उजव्या कानात घालताना डावा हात डोक्यावरून घेऊन उजव्या कानाचा वरचा भाग वर आणि मागे ओढायचा. कानाची नळी सरळ होते. मग प्लग हलकेच फिरवत आत, आणि बोटाने थोडा वेळ धरून ठेवायचा. नीट बसला की स्वतःचा आवाज डोक्यात घुमतो. घुमला नाही तर हवा शिरते आहे, पुन्हा घाला. हे हॉलच्या बाहेर, शांततेत करा. आत शिरल्यावर अंधारात घाईने घातलेले प्लग तासाभरात निसटतात. आणि दर तासाला दहा मिनिटं बाहेर जाऊन कानाला विसावा द्या, पाणी प्या.

फोन पिशवीत. फोटो एकही काढू नका असं मी म्हणत नाही, पण अंधारात एक स्क्रीन पेटली की आजूबाजूच्या दहा जणांची तंद्री मोडते. डीजेला फर्माईश करू नका. नाचण्याच्या जागेवर गप्पा नकोत. कोणाला बाजूला व्हायला सांगायचं तर खांद्याला हलका हात, तोही विचारून. आणि कोणी दिलेलं काहीही घेऊ नका, पेय नाही, गोळी नाही, ओढायला काही नाही. 1985च्या अमली पदार्थांच्या कायद्यात अडकलेल्या पोराच्या आईला मी भेटले आहे. यापुढे त्या विषयावर लिहायची माझी इच्छा नाही.

दीड ते पाच-चाळीस

या चार तासांचीच लोकांना भीती वाटते. शेवटची लोकल एकच्या सुमाराला जाते, पहिली चारनंतर येते. मधला वेळ रस्त्यावर काढायचा नाही.

दीडला दिवे लागतात. लगेच पळू नका. लोक टाळ्या वाजवत असतात, डीजे वायरी गुंडाळत असतो, तेव्हा पुढे होऊन दोन शब्द बोलायला हीच वेळ. शेवटचा ट्रॅक कोणता होता ते विचारा, आनंदाने सांगतात. याच पंधरा मिनिटांत मला माझ्या सगळ्या ओळखी झाल्या आहेत. आज ठाण्याच्या दोघीजणी आणि नाशिकचा एक शाळामास्तर, अशी आमची चौघांची टोळी आहे, ती त्या दिव्यांच्या उजेडात जमली.

मग कंपाउंडच्या मुख्य गेटपाशी, जिथे वॉचमन आहे तिथे उभं राहून टॅक्सी. सीएसएमटी आठ-नऊ किलोमीटर, रिकाम्या रस्त्याने वीस मिनिटं. टॅक्सीचा नंबर घरी किंवा मैत्रिणीला पाठवा. स्टेशनवर लांब पल्ल्याच्या गाड्यांच्या बाजूला बायकांचं वेटिंग रूम आहे. तुमचं पाच-चाळीसचं तिकीट हाच तिथला पास. मी ओआरएस पिते, पाय धुते, पिशवी उशाला घेऊन अडीच तास झोपते. अलार्म दोन, एक फोनवर आणि एक हातातल्या घड्याळात. काही वावगं वाटलं तर रेल्वेचा 139 आणि पोलिसांचा 112, हे दोन आकडे पाठ असू द्या. पहाटे लोकलने यायची वेळ आलीच तर बायकांचा जो डबा रात्रभर राखीव असतो आणि ज्यात पोलीस असतो, त्यातच चढा.

इंद्रायणीत बसल्यावर कोरडे मोजे घाला. घामाने ओले झालेले पाय गाडीत गारठले की दोन दिवस पोटऱ्या धरून राहतात. कर्जतला गाडी थांबते. मागून ढकलणारी जादा इंजिनं (बँकर) लागतात, कारण पुढे बोरघाटाचा चढ 37 फुटांना एक फुटाचा आहे. तेवढ्या वेळात खिडकीतून दिवाडकरांचा वडापाव घ्यायचा. मग गाडी घाटात शिरते, बोगद्यात अंधार, बाहेर उजेड, पुन्हा अंधार, आणि चाकांचा ठेका कालच्या शेवटच्या ट्रॅकमध्ये मिसळतो. पावसाळ्यात खिडकीला पाण्याच्या धारा असतात. या अर्ध्या तासात मी कोणाशी बोलत नाही.

शिवाजीनगरला उतरून मेट्रो, कासारवाडी, घर.

गोवा

गोव्याचा हिशोब वेगळा. तिथे उघड्यावरचा आवाज रात्री दहाला थांबायला हवा असा नियम आहे, म्हणून चांगल्या पार्ट्या दुपारी चारलाच सुरू होतात आणि नंतर बंद हॉलमध्ये जातात. वागातोरच्या हिलटॉपला नारळाच्या झाडांखाली संध्याकाळी पाच ते दहा नाचून झोपायला जाणाऱ्यांत मी आहे.

पुण्याहून रात्रीची स्लीपर बस, म्हापशाला उतरायचं. मडगाव किंवा पणजीपर्यंत गेलात तर उलटं यावं लागेल. मुंबईहून कोकण रेल्वेने येणाऱ्यांनी थिवीला उतरावं. तिथून मोटरसायकल पायलट मिळतो. मराठीत बोला, भाडं आधी ठरवा, हेल्मेट मागून घ्या. रात्री परत यायचं त्याच पायलटला वेळ देऊन ठेवा. भाड्याची स्कूटर मी दिवसा चालवते, नाचून झाल्यावर कधीच नाही. ते रस्ते अंधारे आहेत आणि थकलेल्या माणसाला झोप कधी लागते ते कळत नाही.

डिसेंबरचा शेवटचा आठवडा टाळा. सगळं तिप्पट महाग आणि ऐकायला जागा नाही. नोव्हेंबरचा मध्य किंवा फेब्रुवारी, तेव्हा तिथे राहणारी, नव्वदच्या दशकातल्या हणजूणच्या (अंजुनाच्या) ट्रान्स संगीताच्या पार्ट्या बघितलेली म्हातारी माणसं मैदानात येतात. त्यांच्या शेजारी नाचून बघा. पाय किती कमी उचलले तरी चालतं, ते कळतं.

आणि एकदा बर्लिन

तीन वर्षं पैसे साठवून सप्टेंबर 2024मध्ये मी बर्लिनला गेले. व्हिसाचा अर्ज पुण्यातच देता आला. फी 90 युरो, आणि 30,000 युरोंचा प्रवास विमा लागतोच. प्रवासाचं कारण लिहिताना मी खरं लिहिलं: संगीत ऐकायला. त्याच वर्षी मार्चमध्ये जर्मनीने बर्लिनच्या टेक्नोला आपल्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं होतं, तेव्हा लपवायचं काय?

त्या शहरात 1949पासून क्लब-बार बंद करायची सक्तीची वेळ नाही. शुक्रवारी आणि शनिवारी रात्री यू-बान, म्हणजे तिथली मेट्रो, रात्रभर चालते. म्हणजे परतीची जी काळजी मी मुंबईसाठी इतकी लिहिली ती तिथे एका तिकिटावर मिटते. कागदी तिकीट असेल तर फलाटावरच्या यंत्रात शिक्का मारायला विसरू नका. रविवारी दुकानं बंद असतात. शनिवारीच पाव, फळं, दही घेऊन ठेवा. रोख पैसे जवळ ठेवा.

ट्रेझोर हा क्लब 1991मध्ये एका जुन्या डिपार्टमेंट स्टोअरच्या तळघरातल्या तिजोरीत सुरू झाला. 2007पासून तो एका जुन्या वीजकेंद्रात आहे. खाली अरुंद बोगद्यातून जावं लागतं, शेवटी लोखंडी गजांमागे डीजे. भिंतीला हात लावला तर ती थरथरते. मला आमच्या शॉपची आठवण आली आणि डोळे भरून आले.

दुसऱ्या एका क्लबच्या दारातून मला परत पाठवलं. दीड तास रांगेत उभी होते. कारण सांगत नाहीत आणि विचारायचं नसतं. वाईट वाटलं, खूपच वाटलं. म्हणून सांगते, चालत जाता येईल इतक्या अंतरावर दुसरा पर्याय ठरवूनच रांगेत उभं राहा. मीही नदीकाठाने चालत दुसरीकडे गेले आणि सहा तास नाचले.

बर्गहाइन या क्लबला मी रविवारी सकाळी गेले. इथली क्लुबनाख्त, म्हणजे क्लबची रात्र, शनिवारी रात्री सुरू होते ती सोमवार सकाळपर्यंत चालते, त्यामुळे शनिवारी रात्री लवकर झोपायचं, सहाला उठायचं, अंघोळ, ओट्स, आणि नाश्ता करून क्लबला. भारतातून गेलेल्या थकलेल्या शरीराला हीच वेळ मानवते, रांगही कमी असते. दारात फोनच्या कॅमेऱ्यावर स्टिकर लावतात. पुढे-मागे दोन्ही. मग बारा तास फोनची आठवण होत नाही.

वरच्या मजल्यावर पॅनोरमा बार आहे, तिथे हाउस संगीत वाजतं. खिडक्यांना झडपा असतात, आत पूर्ण अंधार. दुपारी अकरा-साडेअकराला, ठेका थांबलेल्या एका लांब ब्रेकनंतर किक परत आली आणि त्याच क्षणी सगळ्या झडपा एकदम उघडल्या. ऊन आत. धुरातून तिरप्या पट्ट्या, लोकांचे घामाने चमकणारे चेहरे, सगळे एकदम ओरडले. दोन-तीन सेकंद, आणि झडपा पुन्हा बंद. मला बाबांची रमणबाग आठवली, आणि रात्रभर बसून पहाटेचा राग पहाटे ऐकणं म्हणजे काय असेल ते तेव्हा कळलं. संध्याकाळी बाहेर येऊन त्यांना फोन लावला. ते म्हणाले, "भैरवीपर्यंत थांबलीस ना?" मी म्हटलं, "बाबा, इथली भैरवी सोमवारी असते." ते हसले आणि म्हणाले, "मग आत जा परत." मनगटावर शिक्का होता. गेले.

ज्यांना जमेल त्यांनी लवकर जावं. स्प्रे नदीकाठचा वॉटरगेट हा क्लब 2024च्या शेवटी बंद झाला. भाडी वाढताहेत.

घरी आल्यावर

आठ तास झोप, त्याआधी पोटभर वरण-भात. दुसऱ्या दिवशी कानात शीळ वाजत असेल तर पुढच्या वेळी प्लग बदला किंवा स्पीकरपासून लांब उभं राहा. शीळ दोन दिवसांत गेली नाही तर कानाच्या डॉक्टरकडे जा, वाट बघू नका.

मग वही. माझ्याकडे दोनशे पानी आहे. तारीख, ठिकाण, कोणी किती वाजता सुरू केलं, कुठे उभी होते, विचारून घेतलेल्या ट्रॅकची नावं, गाडी किती उशिरा होती. त्या यादीतले एक-दोन ट्रॅक बँडकॅम्पवर विकत घेते. दीडशे-दोनशे रुपयांत कलाकाराच्या हातात पैसे जातात. ओपनिंग करणाऱ्याला एक निरोप पाठवते, की मी सव्वादहापासून होते, पहिला तास फार आवडला. उत्तर न आलं असं एकदाही झालेलं नाही.

इअरप्लग कोमट पाण्यात, साध्या साबणाने धुवायचे. फिल्टर आधी काढून बाजूला ठेवायचे, त्यांना पाणी लागू द्यायचं नाही. मग स्वच्छ फडक्यावर खिडकीत सुकत घालायचे. सोमवारी फर्स्ट शिफ्टला निघताना ते कोरडे झालेले असतात.